श्रावणसरींतले पक्षिदर्शन
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



या जागेवरून आजवर पुष्कळ उपयुक्त भाषणे झाली. लोणची-मुरंबे झाले, बचतगटाचे हिशेब झाले, मुलांचे अभ्यास आणि उतारवयातली दुखणी झाली. चिटणीसबाईंनी मला सांगितले, की श्रावणात आपण ज्या सहलीला गेलो होतो, तिच्याविषयी चार शब्द बोला. म्हणून मी उभी आहे.

सहल होती पक्षी पाहण्याची, आणि तीही समुद्रकाठी, भर श्रावणात. बेत फळ्यावर लागला तेव्हा पुष्कळजणींच्या घरी एकच प्रश्न विचारला गेला. "पाखरे बघायला अलिबागपर्यंत कशाला जायचे? दारात कावळे काय कमी आहेत?" एका सासूबाईंनी तर स्पष्ट विचारले, "देवदर्शन नाही, लग्नकार्य नाही, मग बायकांनी दिवसभर घराबाहेर राहायचे कारण काय?" भगिनींनो, प्रश्न रागाचा नव्हता, सरळ होता. तेव्हा त्याचे उत्तरही सरळ द्यावे, असे मी ठरवले आहे. ते उत्तर माझ्या भाषणाच्या ओघात येईलच.

प्रथम, आपण किहीमलाच का गेलो ते सांगते. किहीम हे अलिबाग तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरी आणि पुढे वाळूचा किनारा. पक्ष्यांच्या अभ्यासात या गावाचे नाव कायमचे लिहिले गेले ते डॉ. सलीम अली यांच्यामुळे.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. पोरक्या मुलांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरात वाढवले. मामींना स्वतःचे मूल नव्हते. लहानपणी सलीमने खेळण्यातल्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, म्हणून मुलगा मामांना विचारू लागला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत धाडले. ही संस्था १८८३ सालची. तिचे चिटणीस मिलार्डसाहेब यांनी मुलाला हाकलून न देता कपाटे उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले. ती पीतकंठी चिमणी होती. एका मुलाच्या प्रश्नाला एका मोठ्या माणसाने नीट उत्तर दिले, आणि त्यातून देशाला एवढा थोर पक्षितज्ज्ञ मिळाला. आपली मुले स्वयंपाकाच्या घाईत प्रश्न विचारतात तेव्हा आपण काय करतो, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

पुढे त्यांनी जर्मनीत जाऊन शिक्षण घेतले. १९३० साली परत आले, तर हाताला नोकरी नाही. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे मोठ्या जागा मिळेनात. तेव्हा ते पत्नी तहमिनाबाई यांच्यासह किहीमला येऊन राहिले. बेकारीतला नवरा दिवसभर विहिरीजवळ बसून सुगरणींची घरटी पाहतो आहे, हे किती बायकांना सोसेल? तहमिनाबाईंनी ते सोसले. नुसते सोसले नाही, तर साथ दिली. दुर्दैवाने १९३९ साली त्या वारल्या. सलीम अलींची भारतीय पक्ष्यांवरची प्रसिद्ध पुस्तके, १९५८ची पद्मभूषण, १९७६ची पद्मविभूषण ही सर्वांना ठाऊक आहेत. परंतु किहीमच्या त्या पावसाळ्यात घर कोणी सांभाळले, हे आपल्यासारख्या बायकांनी तरी लक्षात ठेवले पाहिजे.

आता आपल्या दिवसाकडे वळते. श्रावण वद्य पंचमी होती. नारळी पौर्णिमा होऊन पाचच दिवस झाले होते. पहाटे पाचला बदलापुरातून बस निघाली. काहीजणी अंबरनाथहून आणि उल्हासनगरहून पहिल्या गाडीने येऊन थांबल्या होत्या. आम्ही एकंदर बावीसजणी होतो. श्रावण असल्यामुळे डबे बिनकांदा-लसणाचे. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याचे लाडू, आणि आपल्या उल्हासनगरच्या अम्मांनी केलेली सिंधी कोकी. आमच्या एका सभासद भगिनीची कन्या प्राणिशास्त्र शिकते. ती आमची मार्गदर्शक होती. वयाने सर्वांत लहान, पण त्या दिवसापुरते आम्ही तिला 'बाई' म्हणायचे ठरवले, आणि मंडळाच्या माजी अध्यक्षीणबाईंनीही तिला तसेच हाक मारली.

बसमध्येच बाईंनी नियम सांगितले. भडक लुगडी-साड्या नकोत, शक्यतो हिरवट, मातकट रंग अंगावर असावा. मोठ्याने बोलू नये. पक्ष्याकडे बोट दाखवून एकदम धावत सुटू नये. आणि छत्री झटक्याने उघडू नये. छत्री फट्दिशी उघडली, की पाखरांना वरून ससाणा आल्यासारखे वाटते आणि थवाच्या थवा उडून जातो. शेवटचा नियम कठीण होता. फोनचा आवाज बंद ठेवायचा. "मीठ कुठे आहे, इस्त्रीचे कपडे कुठे आहेत" हे विचारणारे फोन दहा वाजेपर्यंत आले, मग थांबले. मिठाचा डबा जागच्या जागीच होता, तो घरच्यांना सापडला.

पनवेल सोडले आणि कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका ढगात अर्धा बुडालेला दिसला. कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य १९६८ सालचे. तिथे थांबायला वेळ नव्हता, पण गाडीतूनच कितीतरी पक्षी दिसू लागले. विजेच्या तारांवर लांब दुभंगलेल्या शेपटीचा काळाभोर कोतवाल. भातखाचरांत गायबगळे. गायबगळा एरवी पांढराशुभ्र, पण पावसाळ्यात विणीच्या दिवसांत त्याचे डोके, मान आणि पाठ केशरी होते. आम्हाला वाटले होते तो निराळाच पक्षी असेल. बाई म्हणाल्या, "हे त्याचे लग्नाचे कपडे." चिखलात तोच तपकिरी दिसणारा ढोकरी उडाला, की पांढरा होऊन जातो. पंख मिटले की पुन्हा मातीत मिसळतो. धरमतरच्या पुलावरून अंबा नदी ओलांडताना खाडीकडे तिवरांची हिरवी भिंत दिसली आणि तिच्यावर पंख पसरून वाळवीत बसलेले पाणकावळे दिसले. पाणकावळ्याच्या पिसांत पाणी मुरते. त्यामुळे तो खोल बुडी मारू शकतो, पण बाहेर आल्यावर त्याला पंख वाळत घालावे लागतात. पावसाळ्यातले आपले दोरीवरचे कपडे आणि त्याचे पंख यांची गत एकच. ऊन पडले की पसरायचे, सर आली की आवरायचे.

वडखळ, पोयनाड, चोंढी करीत आम्ही किहीमला पोहोचलो. चहा झाला आणि साडेनऊला वाळूत उतरलो. ही वेळ उगाच निवडलेली नव्हती. किनाऱ्यावरचे पक्षी घड्याळावर चालत नाहीत, ते भरती-ओहोटीवर चालतात. ओहोटीला ओली वाळू आणि खडक उघडे पडतात, त्यांतले किडे, बारके खेकडे खायला पक्षी उतरतात. मग ओहोटी केव्हा, हे कसे कळायचे? आपल्या कोकणात जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. पंचमी म्हणजे पाच, त्याची पाऊणपट पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती, म्हणजे त्यानंतर सुमारे सहा तासांनी, दहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, तर बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, पाणी खूप वर येते आणि खूप मागे हटते. अष्टमीच्या सुमारास भांग, पाण्याची चढउतार कमी. हा हिशेब मिनिटांचा नाही, पण किनाऱ्यावर जायचे ठरवायला पुरेसा आहे. आम्हा बायकांना तिथ्या पाठ असतात, उपासासाठी आणि सणावारासाठी. त्याच तिथ्यांवरून समुद्र कुठे असेल ते सांगता येते, हे समजल्यावर दिनदर्शिकेकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

किनाऱ्यावर उतरलो आणि पाचच मिनिटांत पहिली सर आली. छत्र्या हळूच उघडून आम्ही सुरूच्या झाडांखाली उभ्या राहिलो. पावसात पक्षी काय करतात, हे मी तोवर कधी पाहिले नव्हते. ओल्या वाळूवर दहा-बारा टिटव्या होत्या. त्या सगळ्या वाऱ्याकडे तोंड करून, मान आखडून, निमूट उभ्या राहिल्या. वाऱ्याकडे तोंड केले, की पिसे अंगाला चपटी बसतात. पाठ केली तर वारा पिसांत शिरून अंग भिजते. बहुतेक पक्ष्यांच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. चोचीने ते तेल ते पिसांना चोळतात, त्यामुळे पाणी घरंगळून जाते. सर ओसरली, तशी प्रत्येकीने अंग झटकले आणि जणू काही घडलेच नाही अशी कामाला लागली.

नंतरचे दोन तास असेच गेले. ऊन, सर, पुन्हा ऊन. सर थांबली की पक्षी भराभर बाहेर पडत. खडकावर एकटाच उभा असलेला राखी रंगाचा बगळा दिसला, गळ्याशी पांढरा. हा समुद्री बगळा. त्याच जातीत काही बगळे पूर्ण पांढरेही असतात. एकाच घरात एक मूल गोरे, एक सावळे, तसेच हे. वर तांबूस पंखांची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार घिरट्या घालत होती. मासेमारीवरची जून-जुलैची बंदी संपून होड्या समुद्रात जाऊ लागल्या होत्या, त्यामुळे घारींचीही चंगळ होती. वाडीच्या कुंपणात भारद्वाज दिसला, तेव्हा सगळ्यांनी हात जोडले, बाईंनी मात्र वहीत टिपण केले. नारळाच्या झावळीवर काळापांढरा तुरेवाला चातक ओरडत होता. चातक आपल्याकडे पावसाबरोबर येतो, आणि तो आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येतो असे जाणकार मानतात. पावसाच्या थेंबाशिवाय तो काही पीत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. प्रत्यक्षात तो केसाळ सुरवंट खातो आणि अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. पोरे वाढवण्याचे काम सातभाईंच्या गळ्यात. हे ऐकून एकजण म्हणाली, "काव्यात एवढा विरही आणि घरी हा प्रकार!" त्या हशाने दोन टिटव्या उडाल्या आणि बाईंनी आम्हाला डोळे वटारले.

आता मला दोन गोष्टी जरा सविस्तर सांगायच्या आहेत. पहिली सुगरणीची.

गावातल्या एका विहिरीवर वाकलेल्या झाडाला सुगरणींची वीस-पंचवीस घरटी लोंबत होती. काही हिरवी, नुकती विणायला घेतलेली. काही पिवळी पडलेली. बायकांच्या मंडळाला याहून ओळखीचा पक्षी कोणता? शब्दच आपला. चांगला स्वयंपाक करणारी ती सुगरण, आणि चांगले घर विणणारी ती सुगरण. बहिणाबाई चौधरींनीही आपल्या कवितेत सुगरणीलाच घराची कर्ती मानले. पण सलीम अलींनी १९३० साली याच किहीमला बसून जे पाहिले आणि १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात छापले, ते निराळे आहे. घरटे नर विणतो. डोक्यावर आणि छातीवर हळदीसारखा पिवळा झालेला नर भाताच्या पात्यांच्या, गवताच्या, झावळीच्या चिरोट्या चोचीने फाडून आणतो आणि गाठी मारीत विणतो. घरटे अर्धे झाले, उलट्या टोपीसारखे दिसू लागले, की तो थांबतो आणि त्याच्यावर लोंबकळून पंख फडफडवतो. मग माद्या येतात. आत शिरून पाहतात, विणकाम चोचीने ओढून पाहतात. पसंत पडले तर मादी राहते आणि मग नर पुढचे काम, ती लांब बोगद्यासारखी वाट, पुरी करतो. पसंत न पडले तर ती निघून जाते. ते अर्धवट घरटे तसेच वाऱ्यावर हलत राहते.

हे सारे आम्ही त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. एक मादी तीन घरट्यांत शिरली आणि तिन्ही नाकारून उडून गेली. कोणी बोलेना. मग आमच्यातल्या एक वयस्क वहिनी, ज्या सहसा बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "मला दाखवायला आणले तेव्हा मी नवऱ्याचे पायच पाहिले होते. घर कुठे, किती खोल्या, पाणी कुठून आणायचे, हे मी लग्न झाल्यावर पाहिले." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण परत येताना बसमध्ये त्यांनी नातीच्या लग्नाचा विषय काढला, आणि "मुलीला एकदा ते घर नीट पाहून येऊ द्या" असे घरी सांगेन म्हणाल्या. एका पाखराने एवढे केले, तर सहलीचे भाडे फुकट गेले असे कोणी म्हणू नये.

मात्र बोधासाठी अर्धी गोष्ट सांगून थांबणे बरे नव्हे. मादी बसली, की आतली मऊ गादी ती करते, अंडी ती उबवते आणि पिलांना भरवण्याचे बहुतेक काम तिच्याकडेच येते. नर शेजारीच दुसरे घरटे विणायला घेतो आणि जमल्यास दुसरा संसार मांडतो. तेव्हा सुगरण पक्ष्यांत सगळेच आदर्श आहे, असे नाही! पक्षी पक्ष्यांसारखे वागतात. आपल्याला घ्यायचे तेवढे आपण घ्यावे. घरटी पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीला का, तर साप आणि मांजर सहज पोहोचू नये म्हणून. आता विहिरी बुजल्या, बाभळी तुटल्या, भातशेतीच्या जागी इमारती आल्या, म्हणजे सुगरणीला टांगायला फांदी नाही आणि विणायला पाते नाही. बदलापूर-अंबरनाथच्या बाजूला राहणाऱ्या ज्या भगिनींनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी खिडकीतून भातशेते पाहिली असतील, त्यांना हे निराळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट चिखल्यांची आणि अम्मांची.

पाणी आणखी मागे हटले, तसे ओल्या वाळूवर चिमणीहून थोडे मोठे, मातकट पाठीचे, पांढऱ्या पोटाचे पक्षी धावू लागले. चार पावले धावायचे, थांबायचे, टोचायचे, पुन्हा धावायचे. हे चिखल्या. शेजारीच शेपूट सारखी खालीवर हलवणारा एक तुतवार होता. बाईंनी सांगितले, की हे पाहुणे आहेत. चिखल्यांची अंडी-पिले हिमालयात आणि त्यापलीकडच्या मध्य आशियातल्या उंच पठारांवर होतात. तिथे थंडी पडण्याआधीच ते निघतात, काही तर श्रावणातच आपल्या किनाऱ्यावर येऊन पोहोचतात, आणि उन्हाळा लागला की परत जातात. वजन आपल्या मुठीतल्या पोह्यांएवढे. ही वाट माणसाला कशी कळली? पक्ष्यांच्या पायांत हलकी कडी घालून. आपल्या देशात सलीम अलींच्या पुढाकाराने १९५९च्या सुमारास हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले.

अम्मा सुरूच्या बुंध्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांचा जन्म सिंधमधला. १९४८ साली आईच्या कडेवर बसून त्या कल्याणच्या कँपात आल्या. पुढे ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या कँपाचे नाव उल्हासनगर झाले. अम्मांना सिंध आठवत नाही. त्यांना आठवते ती आईने सांगितलेली मंछर सरोवराची गोष्ट. तिथे कोळी लोक होड्यांतच घर करून राहत आणि थंडीत सरोवर पाखरांनी झाकून जाई. त्यांनी बाईंना विचारले, "ही पाखरे तिकडूनच येतात काय?" बाई म्हणाल्या, "अम्मा, मध्य आशियातून खाली येणारे पुष्कळ पक्षी सिंधू नदीच्या वाटेने येतात. हेच तिथे उतरले असतील की नाही, ते सांगता येणार नाही." अम्मांनी मान हलवली. दुर्बीण मागून घेतली आणि चिखल्या मोजल्या. अकरा होत्या. मग त्यांनी त्या पुन्हा एकदा मोजल्या. आम्ही जेवायला हाक मारली तेव्हा "तुम्ही बसा, मी येते" म्हणाल्या, आणि पाणी परत चढू लागेपर्यंत उठल्या नाहीत.

भगिनींनो, त्या किनाऱ्यावर आणखी काही दिसले, तेही सांगणे माझे कर्तव्य आहे. भरतीने आणून टाकलेल्या ओळीत शिंपल्यांबरोबर दुधाच्या पिशव्या होत्या, गुटख्याच्या पुड्या होत्या, औषधांची पाकिटे आणि तुटक्या चपला होत्या. तुतवार त्या पिशव्यांच्या मधून खाणे शोधीत होता. हे सगळे किहीमच्या लोकांनी टाकलेले नाही. समुद्र कुठचे कुठे नेतो.

आपल्याकडची गोष्ट घ्या. वालधुनी नदी अंबरनाथजवळच्या काकोळ्याच्या डोंगरात उगम पावते. इ. स. १०६० मध्ये शिलाहार राजांच्या काळात बांधलेल्या आपल्या शिवमंदिराला वळसा घालून ती उल्हासनगरातून वाहते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. तिचे पाणी आज कोणत्या रंगाचे असते, हे रोज पुलावरून जाणाऱ्यांनी मला सांगू नये. २०१४च्या नोव्हेंबरात याच नदीत कोणी रसायन सोडले आणि त्याच्या वाफेने उल्हासनगरातल्या शेकडो माणसांना इस्पितळात न्यावे लागले. उल्हास पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते, आणि ठाण्याजवळ एका अरुंद फाट्याने ती ठाण्याच्या खाडीशीही जोडलेली आहे.

त्या ठाण्याच्या खाडीत कोण राहते? तिथे हिवाळ्यात हजारोंनी रोहित पक्षी येतात. त्यांना अग्निपंखही म्हणतात. उंच पाय, वाकडी चोच, अंगावर गुलाबी छटा. चोच उलटी पाण्यात बुडवून ते शेवाळ आणि बारीक जीव चाळणीतून गाळावे तसे गाळून खातात, आणि त्या खाण्यातूनच त्यांना रंग चढतो. खाणे बिघडले तर रंग उतरतो. ऑगस्ट २०१५ मध्ये या खाडीचा सुमारे १६९० हेक्टर भाग अभयारण्य झाला, आणि २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसरच्या, यादीत ठाण्याच्या खाडीचे नाव गेले. काठाची तिवरे चिखल धरून ठेवतात, कोळंबी आणि माशांची पिले त्यांच्या मुळांत वाढतात, उधाणाचा जोर तीच तोडतात. २००५ साली उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरतोडीला मनाई केली. एवढे सगळे कायदे झाले. पण अंबरनाथच्या ओढ्यात पडलेली पिशवी आणि गटारात ओतलेले रसायन कायदा विचारत थांबत नाही, ते खाली जाते.

कारखान्यांचे पाणी अडवणे हे सरकारचे आणि पालिकांचे काम आहे. त्यासाठी अर्ज, सह्या, पाठपुरावा आपण करीत राहू. तोवर आपल्या हातातले तीन उद्योग मी सुचवते.

पहिला असा, की निर्माल्य आणि पिशव्या नदीत टाकणे आपल्या घरापासून बंद करायचे. गणपतीत आणि छटपूजेत मंडळाने नदीकाठी कलश ठेवून उभे राहायचे.

दुसरा, ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. चितमपल्ली १९३२ साली सोलापुरात जन्मले आणि जून २०२५ मध्ये तिथेच वारले. मराठी वाचकाला जंगल आणि पाखरे मराठी शब्दांत दिली ती त्यांनी. या सप्ताहात आपण बदलापूरच्या उल्हास नदीकाठी दोन सकाळी जाऊन पक्षी मोजायचे आणि नावे एका वहीत लिहायची. दरवर्षी तीच जागा, तीच वही. दहा वर्षांनी ती वही पालिकेसमोर ठेवता येईल. "पूर्वी पुष्कळ पक्षी होते" असे नुसते म्हटले, तर कोणी ऐकत नाही. आकडा ठेवला, तर ऐकावे लागते. अम्मांनी अकरा मोजल्या, तो आमच्या वहीतला पहिला आकडा आहे.

तिसरा, ज्यांना किहीमपर्यंत जमत नाही त्यांनी हिवाळ्यात ऐरोलीला जावे. ठाण्याला गाडी बदलली की ऐरोली जवळ आहे, आणि खाडीकाठी वनविभागाच्या कांदळवन कक्षाचे केंद्र आहे. मुलांना घेऊन जा. सासूबाईंनाही घेऊन जा.

सासूबाईंवरून आठवले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. बायकांनी देवदर्शन नसताना, लग्नकार्य नसताना, दिवसभर बाहेर राहायचे कारण काय? माझे उत्तर असे, की आपण घरात रात्रंदिवस बारकाईने पाहत असतो. दूध उतू जाते आहे का, मुलाचा चेहरा उतरला आहे का, डाळीला कीड लागली आहे का. पाहण्याचा सराव आपल्याइतका कोणाला नाही. ही नजर एक दिवस घराबाहेर नेली, तर नदी-खाडीचे काय चालले आहे तेही तिच्यातून सुटत नाही. आणि जे एकदा डोळ्यांनी नीट पाहिले, त्याची काळजी घ्यायला दुसऱ्याने सांगावे लागत नाही. ज्या सासूबाईंनी तो प्रश्न विचारला, त्यांनी परवा मला वाटेत थांबवून विचारले, की पुढच्या खेपेला बसमध्ये जागा आहे का. जागा आहे. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.